गंजनमध्ये नवा आहेस? आधी लोळायला शीक

पहिल्याच मजल्यावर वीस वेळा मेलास म्हणून ‘एंटर द गंजन’ हा गोळ्या चुकवत लढायचा व्हिडिओ गेम अनइन्स्टॉल करू नकोस, मित्रा. 2016 मध्ये आला तेव्हा समीक्षकांनी चित्रविचित्र बंदुका आणि गोळ्यांच्या नक्षीचं भरभरून कौतुक केलं. खेळाडूंची कुरकुर वेगळी होती: किल्ल्या मिळत नाहीत, पेट्या कुलूपबंदच राहतात, बरी बंदूक हाती लागेपर्यंत जीव जातो. तक्रार खरीच होती. 2018 च्या मोफत अपडेटनंतर गेमचा हात जरा सैल झाला.

आता कामाचं. डॉज रोल (गोळी चुकवायची कोलांटी) मारताना हवेत असेपर्यंत गोळी लागत नाही, जमिनीला टेकलास की लागते. म्हणून गोळ्यांपासून लांब नाही, त्यांच्या आरपार लोळ. पण दर गोळीला लोळत बसलास तर संपलास. बऱ्याचशा नुसत्या चालूनही चुकतात. ब्लँक (वापरलं की शत्रूच्या गोळ्या नाहीशा होतात) जपून ठेवू नकोस, दर मजल्याला दोनपर्यंत भरून मिळतात. (मी कितीदा तरी खिशात ब्लँक ठेवून मेलोय!) सुरुवातीला मरीन हे पात्र घे, त्याच्याकडे एक चिलखत आयतं असतं. आणि बॉसचा (मजल्यावरच्या मोठ्या शत्रूचा) एकही फटका न खाता त्याला लोळवलंस तर एक हृदय वाढतं.