मनी प्लांटची पाने पिवळी का पडतात?

प्रश्न : आम्ही नेरूळला तिसऱ्या मजल्यावर राहतो. पिवळ्या छटांच्या पानांचा मनी प्लांट दिवाणखान्यात टीव्हीच्या कपाटावर, शोभेच्या चिनी मातीच्या कुंडीत ठेवला आहे. खिडकी तेथून बारा-तेरा फुटांवर आहे. उन्हाळ्यात वेल टवटवीत होता, पण जुलैपासून त्याची खालची पाने एकामागून एक पिवळी पडत आहेत आणि नवी पाने लहान व पूर्ण हिरवी येत आहेत. मी एक दिवसाआड न चुकता पाणी घालते. खत कमी पडत असेल का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : खत तूर्त मुळीच देऊ नका. आपण लिहिलेली दोन्ही लक्षणे एकाच कारणाकडे बोट दाखवतात, आणि ते म्हणजे अपुरा प्रकाश. पानाच्या पिवळ्या भागात हरितद्रव्य फार थोडे असते, त्यामुळे अंधाऱ्या जागी असा भाग वेलाला परवडत नाही आणि नवी पाने हिरवीच फुटतात. प्रकाश कमी म्हणजे वाढ कमी, आणि वाढ कमी म्हणजे पाण्याची गरजही कमी. त्यातच खाडीकाठच्या आपल्या शहरांत पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की एप्रिलमध्ये दोन दिवसांत सुकणारी माती जुलैमध्ये आठवडाभर ओली राहू शकते. एक दिवसाआडचा नियम उन्हाळ्यात चालून गेला, तोच आता मुळांच्या जिवावर उठला असावा.

मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीतील पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळे गुदमरतात, कुजू लागतात आणि पाणी शोषू शकत नाहीत. मग माती ओली असूनही पाने मलूल होतात, ती पाहून आपण आणखी पाणी घालतो आणि कुजणे वाढते. घरातील बहुतेक मनी प्लांट तहानेने नव्हे, तर या काळजीपोटी दगावतात, याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून वेल मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढून मुळे तपासा. निरोगी मुळे फिकट आणि घट्ट असतात. काळपट, बुळबुळीत, वास येणारी मुळे स्वच्छ कात्रीने कापून टाका. उरलेल्या मुळांना मावेल एवढीच कुंडी घ्या, कारण मोठ्या कुंडीतील जादा माती उगाच ओलावा धरून ठेवते. रोपवाटिकेतून आणलेली निव्वळ लाल माती घट्ट बसते, तेव्हा तिच्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), थोडे गांडूळखत आणि परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) किंवा जाडसर वाळू मिसळा. कुंडीला तळाशी भोक असलेच पाहिजे. शोभेच्या कुंडीला ते नसेल, तर ती फक्त बाहेरचे आवरण म्हणून वापरा आणि आत साचलेले पाणी ओतून टाका. नंतर वेल खिडकीपासून तीन-चार फुटांवर, दुपारचे थेट ऊन लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. पाणी घालण्याआधी बोट दोन इंच मातीत खुपसून पाहा आणि तेथवर माती कोरडी लागली तरच घाला. पिवळी झालेली पाने पुन्हा हिरवी होणार नाहीत. पूर्ण हिरवे झालेले शेंडे मात्र पिवळी छटा असलेल्या शेवटच्या पानाच्या वरून छाटा.

छाटलेले तुकडे फेकू नका, पाण्याच्या बाटलीत लावा. प्रत्येक तुकड्याला निदान एक पेर, म्हणजे पान फुटते तो खोडावरचा सांधा, असू द्या, कारण नवा फुटवा पेरातूनच येतो. नुसते पान पाण्यात ठेवून वेल होत नाही. ही बाटली मात्र पावसाळ्यात जबाबदारीनेच ठेवावी. डेंग्यूचा प्रसार करणारे एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात आणि त्यांची अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात. म्हणून आठवड्यातून एकदा नुसते पाणी न बदलता बाटली आतून घासून घ्या. कुंडीखालच्या ताटलीलाही हाच नियम लागू आहे.

प्रश्न : ठाण्यात आमच्या संकुलातील झाडावर चढलेल्या मनी प्लांटची पाने सुपाएवढी आहेत. त्याचाच तुकडा घरात लावला, तर पाने तळहाताएवढीच येतात. असे का? आणि याला फुले कधी येतात?
— एक वाचक, घोडबंदर रस्ता

उत्तर : वेल एकच आहे, फक्त त्याच्या अवस्था दोन आहेत. हा मूळचा दक्षिण प्रशांत महासागरातील मोरेआ बेटाचा. तेथे तो हवाई मुळांनी झाडाचे खोड धरून वर चढतो, आणि वर चढताना त्याची पाने मोठी होत जाऊन शेवटी कडांनी फाटतात. खाली लोंबणारा वेल बालावस्थेतच राहतो. काथ्या गुंडाळलेली जाड काठी कुंडीत रोवून ती ओलसर ठेवा आणि वेल तिला बांधा, म्हणजे हवाई मुळे तिला धरतील व पाने हळूहळू मोठी होतील. झाडावरच्याइतकी ती घरात होणार नाहीत.

फुलांची अपेक्षा ठेवू नका. फुलोऱ्यासाठी लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक या वेलात पुरेसे तयार होत नाही, असे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले आहे. घरात रांगते मूल किंवा मांजर असेल, तर काठी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवा. हा वेल अळूच्याच कुळातला असून त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात; पान चावल्यास तोंडाची आग होते आणि सूज येऊ शकते.