एक्सेलमध्ये बॉक्स प्लॉट आधीपासून असताना आलेखाचे वेगळे ॲड-इन बसवावे का, आणि बसवल्यावर त्याचा टॅब नाहीसा का होतो?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. आलेखाचे एक्सएलएएम ॲड-इन (एक्सेलला जास्तीची सोय जोडणारी फाइल) बसवल्यावर पहिल्या दिवशी दिसलेला टॅब दुसऱ्या दिवशी का गेला, ही एक. आणि २०१६ च्या आवृत्तीपासून एक्सेलमध्येच बॉक्स प्लॉट (आकड्यांचा पसारा चौकोन आणि रेषांनी दाखवणारा आलेख) असताना हा खटाटोप करावाच का, ही दुसरी. पहिलीचे उत्तर थोडक्यात देते, कारण दुसऱ्या प्रश्नावरून माझा पूर्वी मोठा वाद झालेला आहे आणि तो मला आजही लागतो.

ॲड-इनची फाइल नुसती डबल क्लिक करून उघडली असेल, तर ती एक्सेल बंद करेपर्यंतच राहते. ऑप्शन्समधील ॲड-इन्सच्या यादीत ब्राउझ करून ती जोडावी लागते. जोडूनही टॅब येत नसेल, तर कारण बहुधा वेगळे असते. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलला विंडोज तशी खूण करून ठेवते आणि अशी खूण असलेले ॲड-इन एक्सेल काहीही न सांगता बाजूला ठेवते. यादीत त्याच्यापुढे टिकमार्क मात्र दिसत राहतो, म्हणून माणूस चक्रावतो. एक्सेल बंद करावे, फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जनरल टॅबच्या तळाशी असलेला अनब्लॉकचा चौकोन निवडावा आणि एक्सेल पुन्हा सुरू करावे.

आता दुसरा प्रश्न. एका चाचणीला दोन पद्धतींनी किती मिनिटे लागतात, याची तुलना करणारा अहवाल माझ्याकडे होता. मी ॲड-इनमधून बॉक्स प्लॉट काढले. एका पद्धतीच्या आठ नोंदी अशा होत्या: १२, १५, १७, २०, २२, २५, २९ आणि ४२. माझ्या आलेखात ४२ हा आकडा व्हिस्करच्या (चौकोनातून निघणाऱ्या रेषेच्या) वर एकटा ठिपका म्हणून, म्हणजे आउटलायर (बाकीच्यांपासून फार दूरचा आकडा) म्हणून आला. बैठकीत माझ्या वरिष्ठांनी तेच आकडे एक्सेलच्या स्वतःच्या बॉक्स प्लॉटमध्ये टाकले. तिथे ठिपका नव्हता; व्हिस्कर सरळ ४२ पर्यंत पोहोचला होता. "एक्सेलमध्ये आहे ते सोडून बाहेरचे काहीतरी आणता आणि आकडे बिघडवता," असे ते सर्वांसमोर म्हणाले आणि माझा आलेख अहवालातून काढला गेला.

त्या संध्याकाळी मी कागदावर हिशोब केला. क्वार्टाइल.आयएनसी या सूत्राने पहिले चतुर्थक (ज्याच्या खाली पाव नोंदी येतात) १६.५ आणि तिसरे (ज्याच्या खाली पाऊण नोंदी येतात) २६ येते. दोहोंतील अंतर ९.५, त्याची दीडपट १४.२५; ती तिसऱ्या चतुर्थकात मिळवली की वरची मर्यादा ४०.२५ ठरते आणि ४२ तिच्या बाहेर पडतो. क्वार्टाइल.ईएक्ससी वापरले, तर चतुर्थके १५.५ आणि २८ येतात, अंतर १२.५ होते आणि मर्यादा ४६.७५ पर्यंत वर जाते. ४२ आत राहतो. मध्यक, म्हणजे क्रमाने लावलेल्या नोंदींचा मधला आकडा, दोन्हीकडे २१ च आहे. माझे ॲड-इन पहिली पद्धत वापरत होते, आणि एक्सेलचा बॉक्स प्लॉट, आपण काही बदलले नाही तर, दुसरी वापरतो. बॉक्स प्लॉट रूढ करणारे जॉन टुकी यांनी १९७७ च्या आपल्या पुस्तकात चतुर्थकांच्या जागी आकड्यांच्या खालच्या आणि वरच्या अर्ध्या भागांचे मध्यक घेतले होते. त्या रीतीने इथे १६ आणि २७ येतात आणि मर्यादा ४३.५ होते. आकडे तेच आठ, मर्यादा तीन, आणि तिन्ही आपापल्या व्याख्येनुसार बरोबर. हाइंडमन आणि फॅन या संख्याशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये संगणकप्रणालींत रूढ असलेल्या अशा नऊ व्याख्या एकत्र मांडल्या होत्या. म्हणजे हा घोळ एकट्या एक्सेलचाही नाही.

मी तो कागद घेऊन गेले, तेव्हा "माझ्या एक्सेलमध्ये तसे दिसत नाही" एवढेच उत्तर मिळाले. त्याच बॉक्सवर राइट क्लिक करून डेटा सिरीजच्या फॉरमॅटमध्ये क्वार्टाइल कॅल्क्युलेशन हा पर्याय इन्क्लूझिव्ह केला असता, तर त्यांच्याही पडद्यावर ठिपका उमटला असता. तेवढे पाहण्याची त्यांची तयारी नव्हती. नोंदवहीत ४२ मिनिटांच्या नोंदीशेजारी "उपकरण मध्येच बंद पडले, पुन्हा सुरू केले" असा शेरा होता. तो शेरा शोधायला मला त्या ठिपक्यानेच भाग पाडले होते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की ॲड-इन बसवावे, पण एक्सेलचा आलेख चुकीचा असतो म्हणून नव्हे. एक्सेलचा बॉक्स प्लॉट आडवा करता येत नाही, दुसऱ्या प्रकारच्या आलेखाशी जोडता येत नाही आणि २०१३ किंवा त्याआधीच्या आवृत्तीत उघडल्यास त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. चांगले ॲड-इन तोच आलेख स्टॅक्ड कॉलम (एकावर एक रचलेले स्तंभ) आणि एरर बार (स्तंभांना जोडलेल्या रेषा) यांतून उभा करते, त्यामुळे तो साध्या आलेखासारखा हवा तसा बदलता येतो आणि जुन्या आवृत्तीतही उघडतो. पद्धत कोणतीही घ्या, आलेखाखाली "चतुर्थके अमुक सूत्राने काढली" अशी एक ओळ लिहा. ती ओळ माझ्या आलेखाखाली असती, तर बैठकीत चर्चा पद्धतीवर झाली असती, ॲड-इनच्या खरेखोटेपणावर झाली नसती.

वरिष्ठांचा एक आक्षेप मात्र मला तेव्हाही पटला होता: दुसऱ्याच्या संगणकावर ॲड-इन नसेल, तर आलेखाचे काय? काही ॲड-इन हिशोबाची साधी सूत्रे शीटवर लिहितात. असा आलेख कुठेही उघडतो आणि आकडे बदलले की बदलतो. काही फक्त तयार आकडे चिकटवतात, आणि मग मूळ नोंद सुधारली तरी आलेख जुनाच राहतो. काही स्वतःची फंक्शन्स सेलमध्ये टाकतात, आणि ॲड-इन नसलेल्या संगणकावर हिशोब होताच तिथे नेम एरर, म्हणजे फंक्शनचे नाव ओळखता न आल्याची चूक, येतो. मी आता पहिल्या प्रकाराखेरीज काही वापरत नाही. वर दिलेले आठ आकडे घालून आलेख काढा, यादीतून ॲड-इनचा टिकमार्क काढा, एक्सेल पुन्हा सुरू करा आणि २९ च्या जागी ३५ लिहा. बॉक्स हलला, तर ते ॲड-इन ठेवण्याजोगे आहे.

हे आधीच सांगायला हवे होते: केवळ आठ नोंदींवरून एखाद्या आकड्याला आउटलायर ठरवू नये, ठिपका असो वा नसो. माझ्या प्रकरणात निर्णय शेऱ्यामुळे झाला, मर्यादेमुळे नाही. अनब्लॉकही ज्याच्यावर खरोखर भरवसा आहे त्याच फाइलवर करावे, कारण त्यानंतर तिच्यातील मॅक्रोला (फाइलमध्ये लिहिलेल्या आज्ञांना) आपल्या संगणकावर मोकळीक मिळते. फाइल झिपमध्ये आली असेल, तर आधी झिप अनब्लॉक करून मग ती उघडावी, म्हणजे आतल्या प्रत्येक फाइलला तेच पुन्हा करावे लागत नाही. आणि आपले ॲड-इन एक्सएलएएम नसून एक्सएलएल (ॲड-इनच्या फाइलचा दुसरा प्रकार) निघाले, तर ते मॅकवर चालणार नाही. विंडोजवरही ते ३२ बिटचे की ६४ बिटचे, हे ऑफिस कोणते बसवले आहे ते पाहून निवडावे लागेल, विंडोज कोणते आहे ते पाहून नव्हे.