फावड्यांचे पंख आणि वाचकांची पत्रे

गेल्या महिन्यात या पानावर मी एक छायाचित्र दिलं होतं. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या चर्चमध्ये छताला टांगलेले दोन अवाढव्य पक्षी. खाली एवढंच लिहिलं होतं, की बीजिंगमधल्या एका बांधकामाच्या भंगारातून शू बिंग या कलावंताने ते घडवले. त्यावर इतकी पत्रं आली, की हे पान यावेळी त्यांनाच देते आहे.

ताई, मी चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. चिनी आणि अमेरिकन शहरांमधली 'सांस्कृतिक देवाणघेवाण' हा शब्द वर्गात सारखा येतो, पण त्यात देवाण कुठली आणि घेवाण कुठली ते मला कळत नाही. शू बिंग चिनी कलावंत की अमेरिकन? आणि नागपुरात बसून मी यातून काय घ्यायचं?
— एक विद्यार्थिनी, मानेवाडा

बेटा, हाच प्रश्न मलाही तुझ्या वयात पडायला हवा होता. मला तो फार उशिरा पडला.

शू बिंगचा जन्म १९५५चा. तो बीजिंगमध्ये वाढला, विद्यापीठाच्या आवारात, पुस्तकांच्या शेजारी. वाचायचं वय झालं तेव्हा माओची सांस्कृतिक क्रांती आली आणि तीच पुस्तकं वाईट ठरली. पुढे त्याला खेड्यात शेतावर पाठवलं. १९८७मध्ये त्यानं एक काम हाती घेतलं : सुमारे चार हजार चिनी अक्षरं लाकडात उलटी कोरायची, हातानं छापायची, त्यांच्या पोथ्या बांधायच्या, लांबच लांब पट्टे छताला टांगायचे. दिसायला अस्सल जुनी छपाई, पण त्यातलं एकही अक्षर खरं नाही. सगळी त्याने स्वतः रचलेली, अर्थ नसलेली. बीजिंगमध्ये लोक त्या कागदांसमोर उभं राहून एखादं तरी ओळखीचं अक्षर सापडतंय का ते शोधत राहिले.

१९९०मध्ये तो अमेरिकेला गेला. आधी मॅडिसन, मग न्यूयॉर्क. आता वाचता न येणारा माणूस तो स्वतः होता. तिथे त्यानं नवी लिपी काढली. इंग्रजी शब्दातली अक्षरं मोडून-दुमडून एका चौकोनात बसवायची, कुंचल्याने, चिनी वळणाने. चिनी माणूस बघतो आणि त्याला वाचता येत नाही. अमेरिकन माणूस 'ही चिनी आहे' म्हणून वळायला लागतो आणि अचानक त्याला वाचता येतं. प्रदर्शनाच्या दालनात त्यानं बाकं मांडली, कुंचले, शाई आणि कित्त्याच्या वह्या ठेवल्या. अमेरिकन माणसं शाळकरी पोरांसारखी गिरवत बसली. १९९९मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या दारावर त्याच लिपीतला मोठा फलक लागला होता : 'कला लोकांसाठी'. मूळ घोषणा माओची.

तू देवाण-घेवाण शोधते आहेस ना, ती इथे आहे. वाचता येणं आणि न येणं यांची अदलाबदल.

२००८मध्ये तो बीजिंगच्या केंद्रीय कला अकादमीचा उपाध्यक्ष म्हणून परत गेला. एका उंच व्यापारी इमारतीच्या दालनासाठी त्याला काम सांगितलं गेलं. तो जागा बघायला गेला आणि मजूर कसे राहतात, कशा अवजारांनी काम करतात हे पाहून हादरला. शहरातली माणसं त्या कुंपणावरून रोज जात होती. अठरा वर्षं बाहेर राहून आलेल्या माणसाला ते दिसलं. त्यानं त्याच जागेवरचं भंगार उचललं. फावडी एकावर एक बसवून पंख केले. सळया, नळ्या, मजुरांच्या डोक्यावरच्या टोप्या, सगळं त्यात. नर आणि मादी, फिनिक्स या पुराणकथेतल्या पक्ष्यांची जोडी, प्रत्येकी नव्वद-शंभर फूट लांब, दोन्ही मिळून बारा टनांच्या वर. वरून स्फटिकांनी मढवून चकाकी आणा असं सांगितलं गेलं, ते त्याने मानलं नाही. २०१४मध्ये हेच पक्षी न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइनमध्ये टांगले गेले. ते चर्च १८९२पासून बांधलं जातं आहे आणि अजून अपुरं आहे. बांधकामातून जन्मलेले पक्षी बांधकामातच जाऊन बसले. छायाचित्रात पंखाचं प्रत्येक फावडं वेगळं दिसतं, दांड्याजवळ झिजलेलं. ते हातानं झिजलेलं आहे.

मी नागपूरच्या चितार ओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत वाढले. बाबा मूर्ती करायचे. कामट्यांचा सांगाडा, त्यावर तणस, सुतळीचे वेढे, मग माती. उरलेलं तणस मी झाडून फेकायला निघाले की म्हणायचे, "फेकू नको वं पोरी, त्याचंही काही होते." पुढे मी चित्रकलेची शिक्षिका झाले. मेट्रोचे खांब उभे राहत होते त्या वर्षी आठवीच्या मुलांनी रस्त्यावरून तारेचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, तुटकी घमेली आणली आणि सात फुटांचा बगळा केला. आठ दिवस पोरं मधल्या सुट्टीत डबा न खाता राबली. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शाळेतून तो भंगारवाल्याला देण्यात आला. त्या मुलांचे चेहरे माझ्या डोळ्यांसमोरून आजही हलत नाहीत. वस्तू गेल्याचं दुःख होतंच. त्याहून जास्त याचं, की ती वस्तू कुणी पाहिलीच नाही, फक्त वजन केलं.

तू विचारतेस नागपुरात काय घ्यायचं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मिरवणुकीने निघणारे मारबत आणि बडग्यांचे पुतळे आठव. कागद, कामट्या, फाटके कपडे, आणि वर्षभर शहराला जे टोचलं ते सगळं त्या बडग्याच्या अंगावर. 'घेऊन जा गे मारबत' म्हणून आपण ओरडतो. शहराच्या टाकाऊतून शहराबद्दल बोलायची रीत तुझ्या घरची आहे. शू बिंगकडून बघण्यातली सावकाशी घे. आणि एक कर : सहा महिने नागपूरबाहेर काढायला मिळाले तर काढ, मग परत ये आणि तुझीच गल्ली काढायला बस.

मॅडम, मी रेल्वेतून निवृत्त झालो. अमेरिकेतली पहिली आडवी रेल्वे चिनी मजुरांनी घातली असं वाचलं. त्यांच्यावर कुणी चित्र काढलं आहे का?
— एक वाचक, अजनी

आपल्या पत्राने मला फार आनंद झाला, कारण ज्या बाईंबद्दल मी लिहिण्याची संधी शोधत होते त्यांच्याकडेच आपण बोट दाखवलंत. चित्रकार होंग ल्यू. जन्म १९४८, चीनमधल्या चांगचुनचा. त्यांनाही सांस्कृतिक क्रांतीत चार वर्षं शेतावर राबावं लागलं. त्या काळात लहान लहान निसर्गचित्रं त्या लपून काढत. १९८४मध्ये त्या कॅलिफोर्नियात शिकायला आल्या आणि पुढे ओकलंडला स्थायिक झाल्या.

आपण लोहमार्गाचे माणूस, म्हणून आधी इतिहास. त्या रेल्वेचा सेंट्रल पॅसिफिक कंपनीने घातलेला पश्चिमेकडचा मार्ग सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या कातळातून हजारो चिनी मजुरांनी फोडून काढला. १० मे १८६९ला युटामधल्या प्रॉमन्टरी इथे दोन्ही बाजूंचे रूळ जुळले. तेरा वर्षांनी, १८८२मध्ये, अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना येण्याचीच बंदी केली. तो कायदा १९४३पर्यंत राहिला.

सॅन फ्रान्सिस्कोला चिनी लोक 'ज्यू जिन शान' म्हणतात, म्हणजे जुना सोन्याचा डोंगर. सोन्याच्या ओढीने आलेल्यांनी दिलेलं नाव. १९९४मध्ये त्याच शहरातल्या डी यंग संग्रहालयात होंग ल्यूंनी खरे रूळ टाकले, एकमेकांना छेदणारे, आणि त्या छेदावर दोन लाख फॉर्च्यून कुकीज ओतल्या. आत भविष्याची चिठ्ठी असलेली ती दुमडलेली बिस्किटं. अमेरिकेत चिनी हॉटेलातलं जेवण त्यांच्याशिवाय संपत नाही, पण मुळात तो पदार्थ चीनचा नाही. तो कॅलिफोर्नियात रुजला आणि त्याचं मूळ जपानी मानतात. तर सोन्याऐवजी बिस्किटांचा डोंगर, आणि खाली ते रूळ, ज्यांच्यावर माणसं मेली.

दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे मार्ग आपल्या नागपुरात एकमेकांना छेदतात. त्या डायमंड क्रॉसिंगवरून आपण कितीदा गेला असाल. डोळे मिटून तिथे तो सोनेरी ढीग ठेवून बघा. मी ठेवून पाहिला. माझ्या मनात त्या ढिगाखाली छत्तीसगढहून आलेली, रुळांच्या कडेला गिट्टी टाकणारी माणसं आली.

होंग ल्यूंचं आणखी एक चित्र आपल्याला पाहायला सांगेन, १९८८चं. स्वतःचं अमेरिकन ओळखपत्र त्यांनी भिंतीएवढं मोठं रंगवलं. नावाच्या जागी लिहिलं 'कुकी, फॉर्च्यून'. जन्मवर्षाच्या जागी १९४८ऐवजी १९८४. ज्या वर्षी विमानतळावर उतरल्या, त्या वर्षी कागदोपत्री त्यांचा जन्म झाला. २०२१मध्ये त्या गेल्या.

एका देशातलं शहर दुसऱ्या देशातल्या शहराशी 'भगिनी शहर' म्हणून करार करतं. त्यातून कलेला काही मिळतं, की फक्त हार-तुरे?
— एक वाचक, धरमपेठ

पुष्कळदा हार-तुरेच. पण नेहमी नाही.

चीन आणि अमेरिकेतली अशी पहिली जोडी १९७९ची, नानजिंग आणि सेंट लुइस. शांघाय आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या कराराला तीस वर्षं झाली तेव्हा, २०१०मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनासमोर झांग ह्वान या चिनी कलावंताचं तांब्याचं शिल्प उभं राहिलं : तीन डोकी, सहा हात, सव्वीस फूट उंच. तिबेटमध्ये मिळालेल्या भग्न बौद्ध मूर्तींच्या तुकड्यांवरून त्यांना ते सुचलं. झांग ह्वान स्वतः सात-आठ वर्षं न्यूयॉर्कला राहून शांघायला परतलेले. तिथे असताना, २०००मध्ये, त्यांनी तीन सुलेखनकारांना आपल्या चेहऱ्यावर चिनी अक्षरं लिहायला बसवलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. शेवटी चेहरा पूर्ण काळा झाला, अक्षरंही गेली आणि माणूसही ओळखू येईना. नगरभवनासमोरच्या उत्सवी शिल्पापेक्षा मला त्या चेहऱ्याची टप्प्याटप्प्याने घेतलेली नऊ छायाचित्रं जास्त सांगतात. परक्या शहरात आपली भाषा किती घट्ट धरावी, आणि ती धरता धरता आपणच तिच्याखाली कसे बुजतो, ते सगळं त्यांत आहे.

पण माझं मन जातं ते कारागिरांकडे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १९८१मध्ये एक चिनी अंगण खुलं झालं. ते बांधायला चीनमधल्या सूझौ शहरातून २७ जणांची तुकडी आली, आपली अवजारं घेऊन. आधी तेच अंगण त्यांनी सूझौत करून पाहिलं होतं. पुढे २०००मध्ये पोर्टलंड या सूझौच्या भगिनी शहरात सूझौच्याच कारागिरांच्या हातून अख्खी बाग उभी राहिली. करारावर सह्या करणाऱ्यांची नावं पाटीवर असतात. सांधे जुळवणाऱ्यांची मला कुठे वाचायला मिळाली नाहीत.

आपल्याकडेही २०१५मध्ये औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, आणि चीनमधलं दुनहुआंग यांचा असाच करार झाला. एकीकडे अजिंठा, दुसरीकडे मोगाव लेणी. मला मनापासून वाटतं, की तिथल्या भित्तिचित्रांची डागडुजी करणारा एक हात अजिंठ्यात यावा, आपला एक तिकडे जावा, आणि दोघांनी महिनाभर एका भिंतीसमोर बसावं. भाषणं नसली तरी चालतील.

सगळे कलावंत चीनकडून अमेरिकेकडेच गेले का? उलट कुणी नाही?
— एक शिक्षक, उमरेड रोड

गेले की. अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग. १९८२मध्ये ते आन्हुई प्रांतातल्या जिंगशियनला गेले, शुआन या पारंपरिक चिनी हातकागदाच्या ओढीने. तिथल्या कागदावर 'सात अक्षरं' नावाची मालिका केली. १९८५मध्ये बीजिंगच्या राष्ट्रीय कलादालनात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. गाठोडी, पुठ्ठे, जुनं सामान यांतूनही चित्र होतं हे तरुण चिनी कलावंतांनी तिथे डोळ्यांनी पाहिलं.

पण चीनच्या आधी, १९७५मध्ये, ते आपल्याकडे अहमदाबादला आले होते. गांधी आश्रमाच्या कागद कारखान्यात काम केलं. कागदाचा लगदा, खडूची पूड, डिंक, मेथीची पूड आणि कुटलेले चिंचोके कालवून त्यांनी एक चिखल तयार केला आणि त्यात बांबू रोवले. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले. चितार ओळीत बाबा रंगात घालायला चिंचोक्याची खळ करायचे, रात्री भिजत घालून, सकाळी वाटून. तो आंबूस वास मला ओळीत शिरताच यायचा. खेडेगावातून आमच्याकडे चिंचोके विकायला येणारी एक म्हातारी होती. ती विकायची तसलीच वस्तू जगातल्या एवढ्या मोठ्या चित्रकाराच्या हाताला लागली होती.