परभणीच्या जिनिंगला सांबा झेपेल का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ऑफिसात २२ संगणक, सगळ्यांवर एकच पासवर्ड, आणि दिवाळीत काम सोडून गेलेल्या कारकुनालाही तो पाठ. विंडोज सर्व्हरचं कोटेशन बघून मालक गप्प झाले, तर सगळ्यांची खाती नि पासवर्ड एका जागी सांभाळणारा सांबा हा फुकटातला प्रोग्रॅम चालेल का?

चालतो. डिसेंबर २०१२ मध्ये सांबाची चौथी आवृत्ती आली, तेव्हापासून लिनक्सवरचा सांबा स्वतःच मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी पद्धतीचा डोमेन कंट्रोलर होतो, म्हणजे ऑफिसातल्या मशिनींच्या गटाची (डोमेनची) खाती नि पासवर्ड तपासणारा मुख्य सर्व्हर. माणूस गेला की एका जागी त्याचं खातं बंद करायचं, बाविसाही मशिनी त्याला दार लावतात. (नेटवर्कची वायर उपसली तर विंडोज जुन्या आठवणीवर आत घेऊ शकतं, तेवढं ध्यानात ठेवा.) सर्व्हरचं लायसन्स नाही, माणशी लागणारं क्लायंट लायसन्सही नाही. पण विंडोजची होम आवृत्ती डोमेनला जोडलीच जात नाही, प्रो लागते. खर्च तिथे निघतो.

बसवणं एका दुपारचं काम आहे. त्रास नंतर होतो, आणि तो बहुतेक वेळा घड्याळाचा नाहीतर डीएनएसचा (नावावरून मशीनचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा) असतो.

लातूरच्या एका डाळमिलच्या ऑफिसात मी जुन्याच डेस्कटॉपवर सांबा बसवला होता. चार महिने बिनघोर गेले. मग एका सकाळी नऊला अकाउंटंटचा फोन: "सर, पासवर्ड तोच टाकायलोय, घेईनाच की!" थोड्या वेळात सगळ्यांचीच तीच बोंब. रात्री लाइट गेली होती, यूपीएस बसला, आणि मदरबोर्डवरचा तो रुपयाएवढा सेल कधीच मेलेला. लाइट आल्यावर सर्व्हर चालू झाला तो दोन वर्षं मागच्या तारखेत. इंटरनेटही बंद, त्यामुळे वेळ दुरुस्त व्हायला वाव नाही. लॉगिनच्या मागे कर्बेरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत असते, आणि तिला दोन घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक चालत नाही. नवा सेल घातला, तारीख लावली, दहा मिनिटांत काम सुरू. तेव्हापासून मी आधी सेल बदलतो, मग लिनक्स टाकतो. सोबत क्रॉनी हा घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम बसवा, म्हणजे सर्व्हर वेळ बाहेरून घेईल आणि बाकीच्या मशिनी सर्व्हरकडून.

आता डीएनएस. प्रत्येक विंडोज मशीनला डीएनएस म्हणून सांबाच्याच सर्व्हरचा पत्ता द्या. "असू द्या जोडीला" म्हणून दुसऱ्या रकान्यात गूगलच्या डीएनएसचा आठ-आठवाला (८.८.८.८) पत्ता भरणारे पुष्कळ भेटलेत. गूगलला तुमच्या ऑफिसचं डोमेन कुठून माहीत असणार? मशीन कधी इकडे विचारतं, कधी तिकडे, आणि लॉगिन मनात येईल तसं चालतं. बाहेरच्या साइट्सची चौकशी सांबा पुढे पाठवतो, ती काळजी नको. राउटरचं डीएचसीपीही (मशिनींना आपोआप पत्ते वाटणारी सोय) त्याप्रमाणे बदला. सर्व्हर उबुंटूवर (लिनक्सचाच एक प्रकार) असेल तर त्याची रिझॉल्व्ह्ड सेवा डीएनएसला लागणारं ५३ नंबरचं पोर्ट, म्हणजे दार, अडवून बसते, ती आधी बंद करा.

डोमेनचं नाव सावकाश ठरवा, पुढे बदलणं म्हणजे जवळपास नव्याने मांडणं. शेवटी 'लोकल' लावू नका. स्वतःची वेबसाइट असेल तर तिच्याच नावापुढे 'ऑफिस' जोडून घ्या.

जोडणी कापसाचा सीझन संपल्यावर करा. डोमेनला जोडलं की माणसाला नवी प्रोफाइल मिळते, डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि "माझं सगळं उडालं" म्हणून रडारड होते. काही उडालेलं नसतं, जुन्या फोल्डरमध्येच असतं, पण ते हलवायला वेळ लागतो. पासवर्डची मुदतही मुळात ४२ दिवसांची असते. मी ती वाढवतो, नाहीतर पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेले दिसतात.

टॅलीचा डेटा डोमेन कंट्रोलरवर ठेवू नका, त्याला वेगळं मशीन द्या. बॅकअप सांबासोबतच येणाऱ्या सांबा-टूल या आज्ञेनेच घ्या. चालू फाइली नुसत्या कॉपी केल्या तर परत आणताना फसाल.

तूर्त बावीसपैकी होम किती नि प्रो किती, ते मोजून कळवा. अर्ध्याहून जास्त होम निघाल्या तर हिशेब वेगळा मांडावा लागेल.