म्हाताऱ्या माणसांची संख्या वाढतेय, तर त्यांच्यासाठी शहराबाहेर वेगळ्या सीनियर टाउनशिप काढाव्यात का?

नाही. आधी आहेत ते रस्ते नीट करा.

माझी आई 76 ची. रोज सकाळी पिशवी घेऊन एकटी मंडईत जायची, वाटेत देवळाच्या पायरीवर मैत्रिणींशी गप्पा, मग भाजी. मागच्या वर्षी फूटपाथवरून उतरताना पडली, खुब्याचं हाड मोडलं. दादाचा फोन आला तो हाच, "तिला एकटीला सोडलंसच कशाला, आमच्याकडे टॉवरमध्ये असती तर हे झालंच नसतं." फार लागलं मला ते. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेले आणि ती कड मोजली. अकरा इंच! रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ती 150 मिलिमीटरच्या, म्हणजे सहा इंचांच्या वर नको. मग चूक आईची कशी? आणि माझी तरी कशी?

आता ती वॉकरवर चालते. सिग्नलचा हिशोब सेकंदाला 1.2 मीटर चालणाऱ्या माणसाचा असतो, आई त्याच्या निम्म्यानेही चालत नाही, ती रस्त्याच्या मधोमध असतानाच गाड्या सुटतात. सिंगापुरात 2009 पासून ज्येष्ठांनी खांबावर कार्ड टेकवलं की चालायला 3 ते 13 सेकंद जास्त मिळतात. आपल्याकडे काय, तर पादचारी पूल, वॉकर घेऊन चढायचे! एसटीने 2022 पासून 75 च्या पुढच्यांना प्रवास मोफत केला, फार चांगलं केलं, पण स्टँडपर्यंत पोचायचं कसं?

ऑपरेशननंतर आई तीन महिने दादाकडेच होती. चौदावा मजला, लिफ्ट, गार्डन, सगळं आहे, पण गेटबाहेर पाऊल टाकलं की हायवे. भाजीवाला नाही, ओळखीचं कुणी नाही. गॅलरीत बसून बसून आज वार कोणता हे मला फोनवर विचारायला लागली. परत आली आणि पहिल्यांदा मंडईत नेली तेव्हा भाजीवाल्या मावशी टोपल्या सोडून उठून आल्या, आई रडलीच.

ज्यांना कुणीच नाही किंवा चोवीस तास नर्स लागते त्यांच्यासाठी वेगळी सोय हवीच, पण तीही वस्तीत, बाजाराजवळ. आणि आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, दोन जिने चढावे लागतात, तेवढ्यापुरतं दादाचं बरोबर आहे. बाहेरून लिफ्ट बसवता येते, मी चौकशी केलीय. दादा, तू हे वाचशीलच, तर माझ्या वाटचे अर्धे पैसे तयार आहेत हे मी तेव्हाच म्हटलं होतं.