सही घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नका

या खेपेच्या टपालात चार पत्रं विमान देखभालीच्या नोकऱ्यांवरची निघाली. संपादकांनी ती वेगळी काढून माझ्याकडे दिली, कारण या धंद्यात मी ३१ वर्षं काढली आहेत. माझं लायसन्स, म्हणजे विमान तपासून सही करण्याचा परवाना, जुन्या पद्धतीचं, ‘आर’ म्हणजे रेडिओचं. आजच्या भाषेत बी-टू. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी रात्री घरावरून विमान गेलं की कान अजून टवकारतात.

प्रश्न : ताई, मी ४३ वर्षांचा. विमान देखभालीच्या एका कंपनीत १७ वर्षं टेक्निशियन आहे. मागच्या आठवड्यात आम्हा २२ जणांना एकेकट्याला केबिनमध्ये बोलावलं. ‘खर्चकपात चालू आहे. राजीनामा द्या, दोन महिन्यांचा पगार आणि ग्रॅच्युइटी देतो. महिनाअखेरपर्यंत सही केली नाही तर काहीच मिळणार नाही,’ असं सांगितलं. लायसन्सच्या परीक्षेची चार मॉड्यूल, म्हणजे विषय, अजून राहिली आहेत. घराचा हप्ता चालू आहे. सही करू का?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : तुमच्याशी फोनवर बोलणं झालंच आहे. इथे लिहिते ते बाकीच्या २१ जणांसाठी.

राजीनामा दिला तर तुम्ही नोकरी सोडली असा अर्थ होतो. कंपनीने काढलं तर ती कामगार कपात, आणि तिचा हिशोब वेगळा असतो. ‘ग्रॅच्युइटी देतो’ हे वाक्य तर ऐकूनही सोडून द्या. पाच वर्षं सलग नोकरी झाली की ती तुमचीच असते, राजीनामा दिलात तरी आणि त्यांनी काढलं तरी. तुमचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ३१,२०० होतात असं म्हणालात. त्याला २६ ने भागा, १५ ने गुणा, मग १७ ने गुणा. ३ लाख ६ हजार रुपये. हे पैसे ते ‘देत’ नाहीत, तुमचेच परत करतात.

कपातीत याशिवाय एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार मिळतो. ढोबळमानाने तुमचे ते अडीच लाखांच्या वर जातात. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. शिवाय संहितेत पुनर्कौशल्य निधीतून आणखी १५ दिवसांचा पगार देण्याची तरतूद आली आहे. थोडक्यात, दोन महिन्यांच्या पगारावर सही करून तुम्ही किती सोडता आहात ते कागदावर मांडा आणि वहिनींना दाखवा. मग केबिनमध्ये जा.

ते म्हणतील, तुम्ही ‘सिनियर टेक्निशियन, सुपरवायझर’ आहात, कामगार नाही. हुद्द्याच्या नावाने काही ठरत नसतं. दिवसभर तुमचे हात कशात असतात ते पाहिलं जातं. तुमचे हात चाकांच्या ग्रीसमध्ये असतात. हे सगळं कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखवा, नाहीतर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. एकटे जाऊ नका, बावीसच्या बावीस जण जा. केबिनमध्ये एकेकट्याला बोलावतात ते उगाच नाही.

आता खरी गोष्ट. तुमच्या पत्रात ती नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच आहे. तुमची अनुभवाची वही कुठे आहे? चार मॉड्यूल उद्या सुटतील, पण १७ वर्षांत कोणत्या विमानावर, कोणतं काम, कोणत्या तारखेला केलं, हे सहीशिक्क्यानिशी दाखवता आलं नाही तर लायसन्ससाठी त्या वर्षांची किंमत शून्य. ‘दोन ए-३२० विमानांची सी-चेक, ती मोठी तपासणी, मी केली’ हे तोंडी सांगून कोणी मानत नाही. टास्क कार्डांच्या, म्हणजे प्रत्येक कामाच्या कागदाच्या, नोंदी कंपनीच्या रेकॉर्ड्समध्ये असतात, आणि कंपनीत तुम्ही नसलात की त्या रेकॉर्ड्सचं दारही बंद होतं.

हे मी अनुभवावरून सांगते. माझी दुसरी नोकरी एका लहान कंपनीत होती, तिचं नाव आता कोणाला आठवायचं नाही. पगार आधी दहा तारखेला व्हायला लागला, मग वीसला, मग होईनासा झाला. स्टोअर्समध्ये साध्या सीलची मागणी केली तरी ‘समोरच्या विमानाचं काढून घे’ असं उत्तर मिळायचं. हँगरमध्ये, विमान दुरुस्तीच्या शेडमध्ये, आम्ही याला रॉबरी म्हणतो. एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा. नोंद ठेवून केलं तर नियमातच बसतं, पण रोज व्हायला लागलं की समजावं, घर मोडत चाललंय. मला समजलं नाही. एका सकाळी गेटवर पास चालेना. आतल्या कपाटात माझी वही होती, आणि मागच्या आठ महिन्यांच्या नोंदींवर सही घ्यायची राहिली होती. वही दोन महिन्यांनी कुरिअरने आली, पण ज्यांनी सही करायची ते क्वालिटी मॅनेजर तोवर दुबईला गेले होते. ते आठ महिने माझ्या आयुष्यात आहेत, लायसन्सच्या कागदात कुठेच नाहीत.

म्हणून या आठवड्यात इतकंच करा. रोज शिफ्ट संपली की अर्धा तास बसून वही पुरी करा आणि रोजच्या रोज सही घ्या, ‘सगळ्या एकदम घेऊ’ असं नको. ट्रेनिंगची प्रमाणपत्रं, अनुभवाचा दाखला, पीएफचा यूएएन, सगळ्याच्या प्रती घरी आणा. कंपनीची मॅन्युअल किंवा टास्क कार्डं मात्र आणू नका, ती तुमची नाहीत. हे झालं की मग राजीनाम्याचं बोला.

प्रश्न : माझे मिस्टर लायसन्सधारक इंजिनिअर आहेत. कंपनीने माणसं कमी केली त्यात त्यांचंही नाव आलं. पाच महिने घरी आहेत. रात्री झोपत नाहीत, दोन-तीन वाजता गच्चीत जाऊन बसतात. काही विचारलं की म्हणतात, ‘ते इंडिगो गेलं, नवीन इंजिन आहे, आवाज ऐक.’ मला भीती वाटते.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : वहिनी, ते रात्रपाळीवर आहेत. नोकरी सुटली, पण शरीराला अजून कोणी कळवलेलं नाही. रात्री विमानं जमिनीवर असतात, म्हणून आमची बरीचशी कामं रात्री चालायची. वर्षानुवर्षांची ती सवय पाच महिन्यांत जात नाही. इंजिनाच्या आवाजावरून विमान ओळखतात तोवर मी फार घाबरणार नाही. जेवण कमी झालं, आंघोळ टाळायला लागले, ‘माझा काय उपयोग’ असं बोलू लागले, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या. ते ‘उपयोग’चं वाक्य कानावर पडलं तर त्याच दिवशी.

त्यांना एक निरोप द्या, माझ्या नावाने. लायसन्स असलं तरी सही करायची तर मागच्या दोन वर्षांत सहा महिन्यांचं प्रत्यक्ष काम लागतं. म्हणजे दीड वर्ष रिकामं गेलं की गणित बिघडू लागतं. पाच महिने झाले, अजून वेळ आहे, पण ‘माझ्या हुद्द्याचीच नोकरी’ म्हणून थांबायला नको. मिहानमध्ये बोइंगने बांधलेले मोठे हँगर तुमच्याच गावात आहेत. हैदराबाद, बंगळूर, होसूर इथेही बेस मेंटेनन्सची, म्हणजे विमान हँगरमध्ये घेऊन करायची मोठी कामं चालतात. २०२० साली देखभालीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याआधी इथलं विमान दुरुस्तीला बाहेरदेशी पाठवणं स्वस्त पडायचं, हे आठवलं की अजून चीड येते. २०२३ मध्ये इंडिगोने एकदम ५०० आणि एअर इंडियाने ४७० विमानांच्या मागण्या नोंदवल्या. ही विमानं येतील तेव्हा सही करणारी माणसं लागतीलच. पण २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज थांबली आणि २०२३ च्या मेमध्ये गो फर्स्ट थांबली, तेव्हा एकाच महिन्यात सगळे इंजिनिअर एकाच दारावर उभे होते, हेही खरं. कमी पगाराची नोकरी धरली तर त्यांना टोचून बोलू नका. नातेवाईक बोलतीलच, तेवढं पुरे आहे.

प्रश्न : खर्च वाचवायला इंजिनिअर कमी करतात असं वाचलं. मग विमानात बसायचं की नाही?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बसा. मीही बसते, खिडकीजवळ. पण तुमचा प्रश्न भाबडा नाही.

विमान माणसाच्या सहीवर सुटतं. सही करणाऱ्याने तपासल्याशिवाय विमान सेवेत सोडता येत नाही, आणि पैसे वाचले म्हणून हा नियम शिथिल होत नाही. कपातीने जाते ती दुसरी नजर. १० जून १९९० ला बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच हवेत निखळली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. त्याला धरून ठेवलं म्हणून वाचला, सगळेच वाचले. काच बदलली होती उड्डाणाच्या साधारण २७ तास आधी. माणसं कमी होती, म्हणून शिफ्ट मॅनेजरने पहाटे ते काम स्वतःच हाती घेतलं. जुन्या बोल्टशी डोळ्यांनी जुळवून नवे घेतले. ९० पैकी ८४ बोल्ट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडे जास्त बारीक होते. तो आळशी नव्हता, उलट सगळ्यांचं काम उरकत होता. पण ते काम दुसऱ्याने तपासलंच पाहिजे अशा यादीत नव्हतं. शेजारी कोणी असता, तर कदाचित म्हणाला असता, ‘अरे, हा ढिला बसतोय.’

दुसरं उदाहरण जास्त वाईट आहे. २००० च्या जानेवारीत अलास्का एअरलाइन्सचं विमान समुद्रात पडलं, ८८ माणसं गेली. शेपटीतल्या स्क्रूला ग्रीस नव्हतं. त्या ग्रीसिंगची मुदत आधीच्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा वाढवली गेली होती. आणि तीही परवानगी घेऊन.

तुम्ही प्रवासी म्हणून काय करू शकता? विमान ‘तांत्रिक कारणामुळे’ तासभर थांबलं तर काउंटरवर ओरडू नका. त्या तासात कोणीतरी दुसऱ्यांदा बघत असतो, आणि तुमचा आवाज वाढला की वरून फोन त्यालाच येतो.

प्रश्न : आमची कंपनी बंद पडली. चार महिन्यांचा पगार अडकलाय. कंपनीचा एक टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोराने बोल्ट आवळायचा पाना, माझ्याकडे राहिलाय, चांगला महागाचा आहे. पगाराच्या बदल्यात ठेवून घेऊ का? खरं सांगा.
– एक वाचक, पनवेल

उत्तर : खरं सांगते, पहिल्यांदा वाचून मला हसू आलं आणि वाटलं, घे ठेवून. मग इतकी वर्षं टूल क्रिबच्या, म्हणजे हत्यारांच्या खोलीच्या, खिडकीत पितळी टोकन देऊन हत्यार घेतलं ते आठवलं. शिफ्ट संपताना एक पाना कमी भरला तर विमान सुटत नसे. एकदा अकरा जण पहाटे चारपर्यंत एक लहानसा आरसा शोधत होतो. तो एकाच्या मोज्यात निघाला.

तुमचा पगार हा तुमचा दावा आहे, दिवाळखोरीच्या प्रक्रियेत कामगारांच्या थकबाकीला वरचा क्रम मिळतो. तो दावा रेझोल्यूशन प्रोफेशनलकडे, म्हणजे ती प्रक्रिया चालवायला नेमलेल्या माणसाकडे, मुदतीत भरा. रेंच घरी असला तर उद्या तेच तुमच्यावर चोरीचा कागद करतील आणि दावा बाजूला राहील. शिवाय कॅलिब्रेशनची, म्हणजे रेंचची अचूकता तपासण्याची, तारीख उलटली की त्या रेंचने तुम्ही फार तर स्वतःच्या स्कूटरचं चाक आवळाल.

परत करा. अनुक्रमांक, तारीख, घेणाऱ्याचं नाव लिहून पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, आणि पोस्टाची पावती त्या पगाराच्या फाइलमध्येच लावून ठेवा.