पेलोटन म्हणजे आपली पलटणच

प्रश्न असा आहे: टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीच्या बातम्यांत 'स्प्रिंटर'ला 'वेगवान धावपटू' म्हटलेलं असतं, ते बरोबर का? आणि तीन आठवड्यांची शर्यत तो जिंकणारच नसेल, तर जातो कशाला?

'धावपटू' साफ चूक. सायकलवर बसलेला माणूस धावत नाही. जुलै उजाडला की हा शब्द पुन्हा पुन्हा वाचावा लागतो आणि डोकं फिरतं. 'स्प्रिंटर' तसाच ठेवा, सगळ्यांना कळतो. 'स्प्रिंट'साठी मात्र 'मुसंडी' हा नेमका शब्द आपल्याकडे आहे. गर्दीतून वाट काढत जोरात पुढे घुसणं म्हणजे मुसंडी, आणि शेवटच्या दोनेकशे मीटरमध्ये, ताशी ७० किलोमीटरच्या आसपास, स्प्रिंटर तेच करतो. इटालियन लोक याला 'वोलाता' म्हणतात, म्हणजे उड्डाण. सुंदर शब्द आहे, पण त्यात गर्दी नाही.

त्या गर्दीचं नाव 'पेलोटन'. त्याचं 'मुख्य समूह' असं बेचव भाषांतर केलेलं दिसतं. कशासाठी? हा शब्द कधीचा मराठीत आहे: पलटण!

फ्रेंचमध्ये 'पलोत' म्हणजे चेंडू किंवा सुताचा गुंडा. त्याच्यावरून 'पलोतों' म्हणजे लहान गुंडा, मग सैनिकांची तुकडी, आणि पुढे सायकलस्वारांचा घट्ट जथा. १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात मात्र 'पलटण' हा 'बटालियन'चा अपभ्रंश मानला आहे. 'प्लटून' आणि 'पलोतों' यांची त्यात सरमिसळ झाली असेल, एवढीच तिथे कबुली. हे मला अजिबात पटत नाही. बाटली, बटण, बिगूल, बराक: परक्या शब्दांतला 'ब' आपण जसाच्या तसा ठेवला. मग एकट्या बटालियनचाच 'प' का व्हावा? शिवाय बटालियनमध्ये आधी ट, मग ल. पलटणीत आधी ल, मग ट. तमिळ 'पट्टाळम'चा क्रम पाहा, तो बरोबर बटालियनचा आहे, आणि तमिळ लिपीत 'प' आणि 'ब' यांना एकच अक्षर असल्याने तिथे 'प' खपून जातो. तमिळचं उत्तर मराठीच्या गळ्यात का मारायचं?

कोणी म्हणेल, फ्रेंच 'त'चा 'ट' कसा झाला? तो इंग्रजी 'प्लटून'मुळे झाला असेल. असू दे. 'प्लटून' स्वतः 'पलोतों'वरूनच आला आहे, त्यामुळे मूळ बदलत नाही. आणि फ्रेंच कवायतीचे शब्द आपल्या फौजांत थेट येत होतेच. पानिपतावर लढलेला इब्राहिमखान गारदी ब्युसी या फ्रेंच सेनानीच्या हाताखाली तयार झाला होता, आणि 'गारदी' हा शब्द फ्रेंच 'गार्द'वरून आल्याचं मानतात. पुढे महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये द बॉइनला नोकरीत घेतलं आणि कवायती पलटणी उभ्या केल्या. या द बॉइनचं गाव शांबेरी, आल्प्समधल्या सव्हॉय प्रांतातलं. त्याच्या स्मारकावरचे हत्ती आजही त्या गावाच्या मध्यावर उभे आहेत.

आता योग पाहा. ९ जुलै २०१७ रोजी टूरचा नववा टप्पा, म्हणजे नवव्या दिवसाची शर्यत, याच शांबेरीत संपला. वाटेत भयंकर चढ होते. पाच दिवसांपूर्वी व्हित्तेलचा टप्पा जिंकलेला फ्रेंच स्प्रिंटर आर्नो देमार त्या दिवशी मागे पडला आणि ठरलेल्या वेळेत पोचला नाही, म्हणून शर्यतीतून बाद झाला. त्याच्यासाठी मागे थांबलेले तीन सहकारीही बाद झाले. विजेत्याला लागलेल्या वेळेच्या वर काही टक्के सवलत असते, तेवढ्यात प्रत्येकाला पोचावंच लागतं. सपाटीवर पलटणीत दडलेल्याला वारा कापावा लागत नाही. चढावर वेग घटतो, आडोशाचा फायदा जवळजवळ संपतो आणि स्नायूंचं वजन छळू लागतं. मग मागे पडलेले एकत्र येऊन वेळेचा हिशेब करत चढतात. या जथ्याला इटालियनमध्ये 'ग्रुपेत्तो' आणि फ्रेंचमध्ये 'ओतोब्यूस' म्हणतात. २०११ मध्ये आल्प्समधल्या गालिबिये आणि आल्प द्युएझ या दोन्ही टप्प्यांवर ब्रिटिश स्प्रिंटर कॅव्हेंडिश अशाच मोठ्या घोळक्यासह उशिरा पोचला. घोळका एवढा मोठा होता की त्याला शर्यतीत राहू दिलं, फक्त दोन्ही वेळा २० गुण कापले. तरी सर्वाधिक गुणांची हिरवी जर्सी त्यानेच जिंकली.

तर तो जातो कशाला, याचं उत्तर: टप्पे जिंकायला आणि १९५३ पासून गुणांसाठी दिल्या जाणाऱ्या त्या जर्सीसाठी. एकूण विजेतेपद हा त्याचा खेळच नाही. कॅव्हेंडिशने २०२४ मध्ये ३५वा टप्पा जिंकून बेल्जियन सायकलपटू मर्क्सचा ३४चा विक्रम मोडला. इटालियन स्प्रिंटर चिपोलिनीने टूरचे १२ टप्पे जिंकले, १९९९ मध्ये तर लागोपाठ चार, पण एकदाही तो पॅरिसपर्यंत, म्हणजे शर्यतीच्या शेवटापर्यंत, गेला नाही. म्हणून 'स्प्रिंटरला संधी आहे' एवढंच मोघम लिहू नका, 'टप्प्याची संधी' लिहा. आणि ती संधीही पलटण एकत्र आली तरच. २०२५ मध्ये शेवटच्या दिवशी पॅरिसमधली माँमार्त्रची टेकडी घातली, तिथे पलटण फुटली आणि बेल्जियमचा व्हाउट व्हान आर्ट एकटा पुढे आला.

'पलटण फुटली' हे वाक्य 'मुख्य समूह विभागला गेला' असं लिहून पाहा, आणि मग मला सांगा. बटालियनवाल्यांनी आधी 'ब'चा 'प' झालेला दुसरा एखादा फौजी शब्द मराठीत दाखवावा.